बावीस पायऱ्यांचं आजोळ

घरात मी त्यांना आई म्हणते. इथे मात्र कांताबाईच म्हणणार आहे, आणि तेही त्यांना विचारून. "नाव आहे तर ते वापरावं माणसानं," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या सासूबाई नावाच्या बाबतीत फार कडक आहेत. मार्केट यार्डात कांदा निवडायचं काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. नवीन लागल्या तेव्हा गाळ्याचे शेठ सगळ्या बायकांना सरसकट "ए मावशे" म्हणून हाक मारायचे. कांताबाई मान वर करायच्या नाहीत. आठवडाभर शेठनी घसा कोरडा केला. शेवटी वैतागून "कांताबाई" म्हणाले, तेव्हा त्या वळल्या आणि म्हणाल्या, "बोला शेठ, आत्ता ऐकू आलं."

अशा बाईच्या घरात मी सात वर्षांपूर्वी वाघोलीहून लग्न होऊन आले. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मी, माझा नवरा अभय आणि त्या. पहिल्याच आठवड्यात भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "पायल, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत का गं तुला?" आम्हा बौद्धांच्या घरात हा प्रश्न काही नवा नाही. छप्पन साली धम्मदीक्षेच्या वेळी ज्या प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्या आम्हाला लहानपणापासून विहारात म्हणायला लावतात. मी दहा-बारा धडाधड म्हटल्या आणि अडखळले. आता बोलणी बसणार असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "असू दे. आठ वर्षांची होईपर्यंत मला चारच ठाऊक होत्या. बाकीच्या पाण्यात होत्या."

मला ती थट्टा वाटली. मग त्यांनी आजोळची गोष्ट सांगितली, आणि पुढे इतक्यांदा सांगितली की आता ती मलाही तोंडपाठ आहे.

पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात एक धरण आहे. नाव सांगत नाही, कारण प्रकरण ताजं आहे आणि मला कचेऱ्यांमध्ये खेटे घालायची हौस नाही. ती हौस घरात एकीला आहे तेवढी पुरे. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या. कांताबाईंच्या आईचे वडील दत्तोबा यांच्या नावावर एक ढेकूळही नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही बुडालं असं कुणी धरलंच नाही. ते धरणाच्याच कामावर दगड घडवायला होते. काम संपल्यावर छिन्नी आणि हातोडा घेऊन ते पाण्याच्या वरच्या अंगाला एका खडकाळ उतारावर गेले आणि तिथे पत्र्याचं दोन खोल्यांचं घर उभं केलं. समोर पाणी, मागे डोंगर, शेजारी कुणी नाही.

त्यांची बायको मुक्ताई म्हणाली, "हितं आपल्याकडं कोन येनार हाय?"

"लेक येईल की," दत्तोबा म्हणाले.

लेक पुण्यात दिलेली होती. ती वर्षातून दोनदा यायची, दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि तिच्याबरोबर छोटी कांता. स्वारगेटहून एसटीने धरणाच्या भिंतीपर्यंत, आणि तिथून पुढे लाँच. त्या लाँचचं वर्णन कांताबाई आजही कालच उतरल्यासारखं करतात. वर पत्रा, खाली दोन बाजूंना फळ्या, मध्ये तांदळाची पोती, टोपलीत पाय बांधलेल्या कोंबड्या, डिझेलचा वास. कांता कडेला बसून पाण्यात हात सोडायची, आई पाठीत धपाटा घालायची, ती दुसरा हात सोडायची. तासाभराने वळणावर आजोबांचं घर दिसायचं. आबा, म्हणजे दत्तोबा, खडकावर उभे. आजीच्या चुलीचा धूरही दिसायचा. आणि लाँच त्यांच्या समोरून निघून जायची.

ती तिथे थांबत नसे. पुढच्या गावाच्या धक्क्यावर उतरायचं आणि डोक्यावर ट्रंक घेऊन डोंगराच्या कडेने तासभर मागे चालत यायचं. लाँच चालवणारे बापूराव म्हणायचे, "तितं धक्का न्हाई. धक्क्याबिगर लाँच लागत न्हाई." पाटलांच्या आंब्याखाली मात्र ती रोज लागायची. तिथला धक्का म्हणजे चिखलात टाकलेली एक फळी होती. असं का, हे लाँचमधल्या सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हे सांगताना कांताबाईंचा आवाज आजही चढतो, आणि ऐकताना माझाही चढतो.

दत्तोबा भांडायला गेले नाहीत. "धक्का पायजे ना," म्हणाले आणि छिन्नी काढली. धरणाचं पाणी मे महिन्यात तळाला जातं तेव्हा उतार उघडा पडतो. त्या उघड्या खडकात, दोन उन्हाळे, खालून वर, त्यांनी पायऱ्या खोदल्या. सलग नव्हेत, एक पायरी, मग चार पावलं उतार, मग पुढची, अशा घराच्या दारापर्यंत. आणि मोजून बावीस. त्यांना अक्षर येत नव्हतं. प्रतिज्ञा त्यांनी कामावरच्या एका शिकलेल्या माणसाकडून ऐकून पाठ केल्या होत्या आणि त्या आपण विसरू अशी त्यांना धास्ती होती. म्हणून एका प्रतिज्ञेला एक पायरी. पहिली सगळ्यात खाली, बाविसावी उंबऱ्याशी. नववी त्यांनी इतरांच्या दुप्पट रुंद केली. सगळी माणसं समान आहेत हे मानायची ती प्रतिज्ञा. तिच्यावर चारजण मांडीला मांडी लावून बसले पाहिजेत, असं त्यांचं माप होतं.

पायऱ्या झाल्या त्या वर्षीच्या दिवाळीत कांता आठ वर्षांची होती. लाँच वळणावर आली. धरण काठोकाठ भरलेलं, पायऱ्या जवळजवळ सगळ्या बुडालेल्या, वर चारच कोरड्या. बापूरावांनी सवयीने लाँच पुढे काढली. आणि कांताने पाहिलं, आबा पाण्यात उतरले. एक पायरी, दुसरी, तिसरी, पाणी छातीपर्यंत आलं तरी थांबेनात. पाण्याखालच्या पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. लाँचच्या वाटेत आडवे उभे राहून त्यांनी एसटीला दाखवतात तसा हात दाखवला.

बापूराव ओरडले, "मरायचं हाय का, दत्त्या?"

"धक्का केलाय. उतारू हायेत. थांबीव," आबा म्हणाले.

मग इंजिनाचा आवाज उतरला आणि लाँच बाजूला लागली. कांताला आबांनी हातावर उचलून कोरड्या पायरीवर ठेवलं. "मला त्या दिवशी भीती वाटली नाही," कांताबाई सांगतात. "मला वाटलं, सगळ्यांचे आजोबा असेच करत असतील."

त्या दिवसापासून लाँच तिथे थांबू लागली. मे महिन्यात पाणी खाली गेलं की उतारूंच्या चढउताराच्या वेळी बापूराव नवव्या पायरीवर चहाला टेकू लागले. पहिल्या वर्षी ते स्वतःचा पेला बरोबर आणायचे. दुसऱ्या वर्षी तो विसरले, की विसरल्याचं दाखवलं, हे दत्तोबांनी कधी विचारलं नाही. मुक्ताईंनी घरातल्या कपात चहा दिला आणि बापूराव तो प्यायले.

चार प्रतिज्ञांची भानगड त्याच दिवाळीतली. आबांनी कांताला कोरड्या पायऱ्यांवरून चढवताना एकेका पायरीला एकेक प्रतिज्ञा म्हणायला शिकवली. पुण्याला आल्यावर विहारात गुरुजींनी विचारलं, प्रतिज्ञा किती? कांताने ठणकावून सांगितलं, चार. आणि एकोणिसावीपासून सुरुवात केली. सगळी पोरं हसली. तिने तो राग मे महिन्यापर्यंत जपून ठेवला आणि आबांना जाब विचारला, "तुम्ही मला बाकीच्या का नाही सांगितल्या?"

आबांनी तिला हाताला धरून उघड्या पडलेल्या उतारावरून खाली नेलं, अगदी पाण्याच्या कडेला, पहिलीवर. तिच्या उजव्या कोपऱ्यात छिन्नी तुटली होती आणि बोटभर खाच राहिली होती. "पायाचा अंगठा घाल तेच्यात," ते म्हणाले. तिने घातला. "ही पयली. आता डोळं मिटून वर चढ." पडत धडपडत, गुडघे सोलत, ती महिनाभर डोळे मिटून चढत-उतरत राहिली. सुट्टी संपली तेव्हा तिला बावीसच्या बावीस येत होत्या, तोंडाला आणि पायांना. निघताना आबा म्हणाले, "पान्याखाली गेली म्हंजी सुटली न्हवं, पोरी. दिसत न्हाई तीबी पाळायची."

पुढे आबा गेले, आजी गेली, पत्र्याचं घर वाऱ्यापावसाने बसलं. जोतं राहिलं आणि पायऱ्या राहिल्या. लाँच आता दिवसातून एकदाच असते, पण त्या थांब्याला लाँचवाले अजून 'दत्तोबाची पायरी'च म्हणतात. आसपासच्या वाड्यांवरची माणसं तिथेच उतरतात. कांताबाई दर मे महिन्यात जाऊन यायच्या. जोत्यावर बसायच्या, डबा खायच्या, परत यायच्या. आम्ही आपले त्यांना स्वारगेटला सोडायचो.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या तर वर जोत्याच्या मागे कुंपण आलं होतं. मागचा डोंगर एका रिसॉर्टवाल्या कंपनीने घेतला होता. परत येताना त्यांनी कंपनीचं चकचकीत पत्रक आणलं. त्यात आमच्या पायरीचा फोटो होता, भरल्या पाण्यातला, आणि खाली लिहिलेलं: 'अस्पर्श किनारा'. कांताबाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "मग आमचाच की."

मग वर्तमानपत्रात नोटीस आली. वापरात नसलेल्या नैसर्गिक खडकावर कंपनीला खाजगी धक्का बांधायचा आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. म्हणजे पायऱ्यांवर काँक्रीट ओतणार, आणि तिथे उतरायचं तर कंपनीचं पाहुणं होऊन.

अभय म्हणाला, "आई, कागद नाही, सातबारा नाही. तिथे आता आपलं आहे काय?"

"पायऱ्या आहेत."

"पायऱ्यांनी काय होतंय?"

"चढता येतं," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडून द्या म्हणून दोनदा सुचवलं. खराडीच्या ऑफिसातून दमून आल्यावर सासूबाईंचा हरकतीचा अर्ज टाइप करत बसणं मला जिवावर आलं होतं. "बावीसच लिहू की अंदाजे वीस?" मी विचारलं. "तुझी जन्मतारीख अंदाजे आहे का?" त्यांनी विचारलं. मी बावीस लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये सरकारी कचेरीतले साहेब पाहणीला आले. मी रजा काढून बरोबर गेले होते. धरण तुडुंब, वर चार पायऱ्या. कंपनीचा राकेश नावाचा गोड बोलणारा तरुण साहेबांना म्हणाला, "सर, हे तर आमच्या माळ्याने केलेलं काम आहे, गार्डनसाठी." दगडावर साठ वर्षांचं शेवाळं होतं. साहेब पाण्याकडे बघत म्हणाले, "बाकीच्या दिसत नाहीत, तोवर मी लिहू काय?" कंपनीला मार्चमध्ये काम सुरू करायचं होतं. कांताबाई दर मंगळवारी डबा घेऊन त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. भांडण नाही, घोषणा नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पाणी उतरायची वाट बघतेय." तेराव्या मंगळवारी त्यांना लेखी तारीख मिळाली, अठ्ठावीस मे.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं की पाहणी चौदा मे रोजी होईल. तारीख अलीकडे कुणी ओढली हे विचारायची गरज नव्हती. त्या चौदा दिवसांत किती पाणी उतरतं हे आमच्या घरात एकीलाच माहीत होतं. निघताना पिशवीत तिने एक साडी जास्तीची टाकली. मी म्हटलं, "आई, मुक्काम आहे का?" त्या म्हणाल्या, "असू दे."

आम्ही लाँचने गेलो, साहेब आणि राकेश कंपनीच्या बोटीने. उतार बराच उघडा पडला होता. मी पहिल्यांदाच त्या पायऱ्या अशा एकीखाली एक पाहिल्या. खडकात छिन्नीचे घाव तसेच होते, एकसारखे, तिरपे. कुठल्याही माळ्याच्या बापाला हे जमलं नसतं. साहेबांनाही ते कळलं असावं, कारण नवव्या पायरीपाशी ते थांबले आणि तिची रुंदी त्यांनी टेपने दोनदा मोजली. वरून खाली मोजत ते निघाले. बरोबरचा कारकून लिहीत होता. पाण्याच्या कडेला आल्यावर साहेब म्हणाले, "एकवीस."

राकेशने हळूच म्हटलं, "सर, अर्जात बावीस लिहिलंय. शपथेवर. म्हणजे अर्जच चुकीच्या माहितीवर आहे."

मी कबूल करते, मला वाटलं कांताबाईंचीच मोजणी चुकली असेल. आठ वर्षांच्या पोरीची साठ वर्षांपूर्वीची आठवण ती. अंदाजे लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. त्या विचाराची मला आज लाज वाटते.

कांताबाईंनी चपला काढून एकविसातल्या शेवटच्या, म्हणजे दुसऱ्या, पायरीवर नीट जोडून ठेवल्या. पदर खोचला. आणि डोळे मिटून पाण्यात उतरल्या.

"आई!" मी पुढे झाले. त्यांनी मागे न बघता हात वर केला, तिथेच थांब म्हणून. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. पाणी मांड्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. साहेब घाबरले. "अहो मावशी, बाहेर या. काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल."

"कांताबाई," त्या म्हणाल्या. पायाने चाचपत त्या जराशा उजवीकडे सरकल्या आणि थांबल्या. मग त्यांनी डोळे उघडले. "ही पहिली. लिहा, बावीस."

"मला दिसत नाही ना पण," साहेब म्हणाले.

"दिसायचं कशाला? उभं राहायचं. या खाली."

राकेश हसला. साहेब हसले नाहीत. ते थोडा वेळ त्या कमरेइतक्या पाण्यात ताठ उभ्या असलेल्या सहासष्ट वर्षांच्या बाईकडे बघत राहिले. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, पँट दुमडली, ज्याचा तिथे काही उपयोग नव्हता, आणि कांताबाईंनी पुढे केलेला हात धरून उतरले. पाण्यात पाय टेकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"सपाट आहे," ते म्हणाले.

"उजव्या कोपऱ्यात खाच आहे. अंगठा घाला."

साहेबांनी वाकल्यासारखं करून पाण्याखाली पाय फिरवला. सापडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

वर नवव्या पायरीवर बसून पंचनामा झाला. तिथे चौघं बरोबर मावलो, साहेब, कारकून, कांताबाई आणि मी. राकेशला आम्ही सरकून जागा केली असती, पण तो उभाच राहिला. कांताबाईंनी जोत्याच्या आडोशाला कोरडी साडी नेसून घेतली होती. कारकुनाने वाचून दाखवलं: पायऱ्या मानवनिर्मित, जुन्या, उतारूंच्या रोजच्या वापरात. संख्या बावीस, पैकी एक पाण्याखाली. साहेबांनी सही केली आणि कागद कांताबाईंपुढे केला.

त्यांनी चष्मा लावला, पुन्हा एकदा सगळं वाचलं आणि पेन उघडं धरून थांबल्या.

"साहेब, एक शब्द राहिलाय."

"कोणता?"

"'पैकी एक' च्या पुढे 'सध्या' लिहा."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने काकपदाची खूण करून शब्द वर लिहिला. मग कांताबाईंनी पूर्ण नावाने सही केली आणि लाँच दिसते का म्हणून वळणाकडे बघत बसल्या.